सांडव्यावरची पोती

यंदा पोळ्याच्या दिवसांत मी बाबांना रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचे. जेवण, औषध, गुडघे हे सगळं नंतर. आधी, "बाबा, पाणी कसं आहे?" पलीकडे ते खोकायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "नितळ आहे." तेवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी मिलच्या कामाला लागायचे.

हे पाणी पिण्याचं नाही. आमचं घर गावातलं शेवटचं, थेट तलावाच्या पाळीखाली. मागच्या दारातून दहा पावलं चाललं की पाळीची माती सुरू होते, आणि तिच्या माथ्यापलीकडे अख्ख्या गावाच्या धानाचं पाणी उभं असतं, आमच्या छपरापेक्षा उंच. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही; सगळ्यांच्याच घरामागे असं पाणी असतं असं मी समजत होते. पाळीच्या पायथ्याशी भर पावसाळ्यात एक बारीक पाझर लागतो. बाबा त्याचं पाणी रोज सकाळी काचेच्या पेल्यात धरतात आणि उजेडाकडे करून बघतात. नितळ असलं तर पाळीला नुसता घाम आलाय असं समजायचं. गढूळ झालं तर पाळीच्या पोटातून माती निघून चालली आहे, आणि मग चपला शोधत बसायचं नाही. तो पेला मी चालायला लागल्यापासून पाहते आहे. आई होती तोवर ती त्यात पाहुण्यालासुद्धा पाणी देऊ देत नसे.

बाबा गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी आणि किती वेळ सोडायचं, हे ठरवणारा माणूस. गावाने नेमलेला, साहेबांच्या कुठल्याही यादीत नसलेला, आणि शिव्या खाण्याचा पहिला मान असलेला. पाणकराचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. त्यातला पहिला नियम सांडव्याचा. तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडव्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. तिच्या तोंडाशी एक काळा दगड पुरलेला आहे. दगडापर्यंतचं पाणी आमच्या गावाचं. दगड बुडला की वरचं पाणी खालच्या गावाचं. ते ओढ्याने त्यांच्या तलावात जातं. त्या पाण्यावर आमचा हक्क नाही, म्हणून आम्ही ते कधी मोजतही नाही. त्याबद्दल विचारलं तर आमच्या गावचा माणूस म्हणतो, "ते आपलं नोहे." पुढे जी चूक झाली ती या तीन शब्दांतून झाली, आणि ती मी केली.

मी भंडाऱ्याला राहते आणि तुमसरच्या वाटेवरच्या एका राइस मिलमध्ये नोकरी करते. मिल उसन्या तांदळाची. धान आधी वाफवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. तो तांदूळ ट्रकमध्ये बसून बपेऱ्यावरून मध्य प्रदेशात शिरतो आणि वर वर जात नेपाळात पोचतो. माझ्याकडे आधी आवक-जावक होती. मग लेबल आलं. इंग्रजी कागद बघून न घाबरणारी मिलमध्ये मी एकटीच निघाले, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

लेबल म्हणजे पोत्यावर एक पान आणि एक आकडा. हा तांदूळ पिकवून, वाफवून, इथवर आणायला हवेत किती घातक वायू गेला त्याचा तो आकडा. ठरलेल्या रेषेखाली असेल तर पान हिरवं, वर असेल तर तांबडं. धानाच्या बाबतीत बॉयलर आणि ट्रक ही मंडळी नंतरची. खरा गुन्हेगार बांधीत तुंबलेलं पाणी. ते साचून राहिलं की खालचा चिखल कुजतो आणि बुडबुडे सोडतो. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत आम्ही पोरी मुद्दाम टाच दाबून ते बुडबुडे काढायचो आणि एकमेकींवर ढकलायचो, की हे तुझेच. तोच वायू आता मला रकान्यात भरायचा होता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत हसत बसले होते.

अडचण अशी की देश दोन आणि मोजपट्ट्याही दोन. बॉयलरमध्ये जाळलेल्या धानाच्या भुशाचा धूर आमच्याकडे धरत नव्हते, पलीकडे धरत होते. बांधीतलं पाणी आम्ही रोवण्यापासून मोजायचो, ते पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकल्यापासून मोजायचे. त्यामुळे एकच पोतं सीमेच्या अलीकडे हिरवं आणि पलीकडे तांबडं. म्हणून दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं की चाचणी म्हणून थोड्या मिल आणि थोडे व्यापारी घ्यायचे आणि दोन्ही बाजूंना चालेल असं एकच लेबल बनवायचं. पलीकडच्या खरेदीदाराने सांगितलं, हिरवं असेल तरच माल घेईन. आमचे मालक म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. साहेबांच्या बैठका चालू होत्या तोवर यांनी आमच्या आकड्याची पोती छापूनसुद्धा घेतली. पलीकडून निरोप आला की हा आकडा आम्हाला मान्य नाही. पोती गोदामात पडून राहिली, कोरी करकरीत, पांढरी, मधोमध तळहाताएवढं हिरवं पान. शेवटी मीच मालकांना म्हटलं, आमच्या गावच्या शेतकरी गटाला देऊन टाका, गहू-हरभरा ठेवायला होतील. फुकट ते पौष्टिक. गटाच्या सचिवाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, ट्रॅक्टर आणून सगळी उचलली.

साहेबांच्या बैठकांतून काही निघालं नाही. निघालं ते आमच्या फोनवरून. सीमेपलीकडच्या गोदामात हेच काम एका बाईच्या गळ्यात पडलं होतं. मी तिला दीदी म्हणायचे, ती मला दीदी म्हणायची. मोठी कोण हे आम्ही कधी काढलं नाही. हिंदीत बोलायचो. तिच्या मागे शेळी ओरडायची, माझ्या मागे कुकर. भुशाचं तिचं मी मान्य केलं, पऱ्ह्याचं माझं तिने मान्य केलं. उरलं बांधीतलं पाणी. आकडा दोन्ही पट्ट्यांनी रेषेखाली आणायचा तर हंगामात दोनदा बांध्या कोरड्या ठेवायला हव्या होत्या. मी वाक्य लिहिलं: दोन वेळा, सलग आठ दिवस, बांधीत पाणी दिसू नये, रोज फोटो पाठवावा, आठव्या दिवशी आकाशातून तपासणी. ही तपासणी दोन्ही देशांची एकदमच व्हावी म्हणजे पुन्हा वाद नको, हे दीदीचं. तिच्या तराईतलं रोवणं आणि आमचं रोवणं शेजारी शेजारी मांडून आम्ही दुसऱ्या खेपेचे आठ दिवस काढले. ते नेमके पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आले.

ते वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं मंजूर झालं. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू. दोन देशांच्या साहेबांना जे जमलं नाही ते दोन बायकांनी भाजी निवडता निवडता जमवलं, असं मी मिलमध्ये चारचौघांना ऐकवलंसुद्धा.

कागद पाठवण्याआधी दीदीने एकदा विचारलं होतं, "खेत में बस इतना ही पानी जाता है न, जितना आप छोड़ते हो?" मी पाणकराची पोर. मी डोळ्यांसमोर तुडूम आणला, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. ते बंद केलं की बांध्या आठवड्यात कोरड्या. मी म्हटलं, "बस, इतना ही." सलंग माझ्या मनातसुद्धा आली नाही. पोळ्याच्या सुमाराला आमचा तलाव काठोकाठ असतो आणि सलंग धो धो वाहत असते. ओढा गाळाने भरलाय, बांध्या सरकत सरकत त्याच्या अंगावर गेल्यात, त्यामुळे ते पाणी खालच्या बांध्यांतून वाट काढत जातं. हे सगळं मी जन्मभर पाहिलं होतं. पण ते आपलं नोहे, म्हणून मी ते मोजलं नाही.

पहिल्या वर्षी चाचणीला आमच्याच गावचा गट होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाने नेहमीप्रमाणे झाडपाल्याची नारबोद, म्हणजे पीडा घेऊन जाणारी बाई, ओढत वेशीबाहेर नेली आणि "खोकला, ताप, माश्या सगळं घेऊन जा व नारबोद" म्हणून हाकललं. दुपारी माझ्या फोनवर फोटो यायला लागले. वरच्या बांध्या कोरड्या, खालच्या बांध्यांत आभाळ चमकतंय. मी चुलतभावाला फोन लावला.

"हे पाणी कुठलं?"

"सलंगीचं आहे. ते आपलं नोहे."

"फोटोत कोणाचं आहे ते लिहिलेलं नसते. तुमच्या बांधीत आहे ना? मग मोजतील."

"मंग आता काय करू?"

मला तेव्हा मालक हाका मारत होते. मी म्हटलं, "फोटोत पाणी नको, बस. बाकी तुम्ही बघा." आणि फोन ठेवला. त्या वाक्याला कोणाची मंजुरी लागली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोंत खालच्या बांध्या ओसरत होत्या, तिसऱ्या दिवशी नुसता चिखल. मी हिरवी खूण केली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत.

"तुह्या पोत्यांनी सलंग बांधली त्यांनी," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. गटाच्या पोरांनी मिलची पोती मुरमाने भरून सांडव्यावर रचली होती. बाबांनी आदल्या सकाळी पाहिलं, आरडाओरडा केला, गावाला चावडीवर गोळा केलं. म्हणाले, दगड बुडला की ते पाणी खालच्या गावाचं. दुसऱ्याचं पाणी अडवणं म्हणजे दुसऱ्याचा बैल आपल्या कोठ्यात बांधणं. अन् तो बैल कोठा फोडल्याशिवाय राहत नाही. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "मोठेबाबा, आठच दिवस. मंग आम्हीच काढतो." लोकांनीही मान डोलावली, कारण हिरवं पान नसलं तर माल परत येणार हे सगळ्यांना मीच समजावून सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढंच ठरलं की पाझर नितळ आहे तोवर पोती राहतील. रोज सकाळी पाणकराने पेला बघायचा आणि सांगायचं. पाणकराच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही.

मी सहाव्या दिवशी गेले. सलंग वाहताना तिचा आवाज घरात सतत असतो, इतका की आम्हाला तो ऐकूच येत नाही. त्या दिवशी मी अंगणात पाय ठेवला आणि गाव मुकं झाल्यासारखं वाटलं. पाळीवर चढले. दगड दिसत नव्हता. पाणी त्याच्यावर वीतभर चढून पोत्यांना टेकलं होतं आणि ओळीने माझी हिरवी पानं माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली, भीतीही वाटली, पण खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं, की पोरांनी काम नीट केलंय. बाबा पाळीवर काठी घेऊन बसले होते. त्यांनी मला पेला दाखवला. नितळ होता. दोन दिवसांनी तपासणी झाली, पोती काढली, सलंग पुन्हा बोलायला लागली. आकडा रेषेखाली आला. दीदीने तिकडच्या दुकानातल्या आमच्या पोत्याचा फोटो पाठवला, शेजारी तिची सासू उभी. मी तो फोटो मिलमध्ये भिंतीवर लावला.

चाचणी यशस्वी झाली की तिची योजना होते. यंदा साहेबांनी माझं वाक्य, माझे आठ दिवस आणि माझ्या गावाचा नमुना उचलून आणखी कितीतरी गावांच्या गटांना दिला, नुसत्या आमच्या तालुक्यात नव्हे. सगळ्या सचिवांचे नंबर असलेली यादी माझ्याकडे आली. बैठकीत माझ्या चुलतभावाचा सत्कार झाला. कोरड्या बांध्यांचं रहस्य काय म्हणून सगळे त्याला विचारत होते, आणि तो खुल्या दिलाने सांगत होता. मी तिथेच बसले होते. मला बोलता आलं असतं. मी चहा घेतला.

यंदा पाऊसही वेडा पडला. पोळ्याला तलाव दगडावर होताच. पोती चढली, आणि मी रोज सकाळी बाबांना विचारायला लागले.

"पाणी कसं आहे?"

"नितळ आहे."

तिसऱ्या दिवशी नितळ. चौथ्या दिवशी नितळ. पाचव्या दिवशी जोराचा पाऊस झाला, मी दोनदा विचारलं, दोन्हीदा नितळ. बाबांच्या आवाजात मला काही वेगळं वाटलं होतं का? वाटलं असेल तरी मी ते वाटू दिलं नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी चहा बशीच्या बाहेर ओतला होता तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. उन्हाळ्यात मी अंगणात उभी असताना "कोण आहे?" म्हणाले होते, तेव्हा मी हसले होते. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "पावसाळा निघून जाऊ दे. पाणकर गाव सोडून दवाखान्यात जाते काय?" मला तेवढं उत्तर पुरत होतं.

सहावा दिवस रविवार होता. मी दुपारच्या एसटीने गेले. वाटेत आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं, पण पाऊस थांबलेला. सलंगीचा आवाज नसणार, हे मला आता माहीत होतं. माहीत नव्हतं ते आमच्या मागच्या दारात दिसलं. उंबऱ्यापर्यंतची जमीन भिजलेली होती. पाऊल टाकलं की पोळी दाबल्यासारखी दबत होती, आणि पाझर, जो करंगळीएवढा असायचा, तो मनगटाएवढा झाला होता. बाबा मोरीच्या दगडावर बसले होते. पेला त्यांनी नुकताच भरला असावा. तो त्यांनी उजेडाकडे धरला, मान तिरपी केली, आणि पायरव ऐकून, चुलतभावाने कोणाला तरी विचारायला धाडलंय असं समजून, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नितळ आहे, सांग त्याले."

पेल्यातलं पाणी दुधाच्या चहासारखं होतं. खाली माती बसायला लागली होती.

मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळांवर राखेसारखा पडदा होता. असा जवळून मी तो कधी पाहिलाच नव्हता, आणि ती माझी मुलगी म्हणून चूक, लेबलवाली म्हणून नाही.

"बाबा, हे नितळ आहे?"

त्यांनी माझ्या हातातला पेला बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "मले तं सगळं सारखंच दिसून राहिलं व. दोन सालापासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"पाणकराले पाणी दिसत नाही म्हणू काय गावाले?"

मी त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांच्या उंच ओट्यावर नेऊन बसवलं. ते नको नको म्हणत होते. शेजाऱ्यांना म्हटलं, यांना इथून हलू देऊ नका आणि तुम्हीही खालच्या बाजूला जाऊ नका. मग घरातून विळा घेतला आणि तो गढूळ पेला तसाच हातात धरून पाळीवर चढले. मला पळता येत नव्हतं. पाय पाळीवर जोरात टाकायचीसुद्धा भीती वाटत होती.

पाणी दगडावर दीड हात चढलं होतं. वरची पोती दोन ओळी जास्त होती, गेल्या वर्षीपेक्षा. मी पहिल्या पोत्याच्या हिरव्या पानातूनच विळा ओढला. मुरूम घसरला, पाण्याने तो लगेच ओढून नेला. दुसरं पोतं, तिसरं. पाण्याने फट धरली आणि एकदम आवाज आला, तो ओळखीचा आवाज. मी रडत होते की नाही मला आठवत नाही, पण शिव्या देत होते हे आठवतं, आणि त्या कोणा दुसऱ्याला नव्हत्या.

चुलतभाऊ खालच्या बांधीतून ओरडत आला. "वेडी झाली काय व! परवा तपासणी आहे! गावभराचा माल तांबडा करते काय?"

मी काठावर ठेवलेला पेला त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, अगदी बाबांसारखा. त्याच्या तोंडावरचा राग उतरताना मी पाहिला.

"मोठेबाबा तं नितळ म्हणत होते," तो म्हणाला. "म्या रोज विचारलं. आजही विचारलं."

"मीसुद्धा."

त्याने शर्ट काढला, पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पोती उपसायला लागला. मग आणखी चारपाच जण आले. कोणी काही विचारलं नाही, पेला हातोहात फिरला. तासाभराने दगडाचं काळं टोक दिसलं. पाझर अजून मोठाच होता, पण त्यातली माती कमी झाल्यासारखी वाटत होती. कमी झाल्यासारखी, याहून जास्त मी आजही सांगू शकत नाही. खालच्या बांध्यांत पाणी पसरत चाललं होतं आणि त्यात आभाळ चमकत होतं.

बाबा ओट्यावर बसून होते. सलंगीचा आवाज त्यांनी ऐकला होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "कोणी कापलं?"

"मी."

"बरं केलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मह्या शब्दावर होतं व सारं गाव." आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, ज्या डोळ्यांनी त्यांना काही दिसत नव्हतं. माझ्या बापाला मी त्याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं, आई गेली तेव्हा.

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले आणि फोन काढला. आधी दीदीला पेल्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं की आमच्या बांध्यांत पाणी आहे, यंदा आमचं पान तांबडं करा, आणि तुमच्या गावांत पाणी कोणी कुठे अडवलंय का ते आत्ताच्या आत्ता बघा. तिने फोटो पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं, "दीदी, यहाँ तो सब सूखा है. बिलकुल सूखा." मग लगेच दुसरं, "देखती हूँ." त्यानंतर तिचा फोन लागला नाही.

मग मी सचिवांची यादी उघडली. लांबलचक यादी, प्रत्येक नावापुढे एक गाव, जवळजवळ प्रत्येक गावात एक तलाव, आणि प्रत्येक पाळीखाली कोणाचं तरी शेवटचं घर. पश्चिमेकडे आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मी पहिला नंबर लावला.

"सलंग चालू आहे का तुमच्याकडे?"

"नाही मॅडम," पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला. "एक थेंब सांडू नाही दिला."

दुसऱ्याला लावला. तोही तेच म्हणाला, त्याच खुशीत. मी सांगत होते, पोती काढा, आत्ता काढा, आणि ते म्हणत होते, काळजी करू नका, परवा तपासणी होऊ द्या, मग काढतो. तिसऱ्याला मी आधी दुसरंच विचारलं. म्हटलं, "पाळीखाली पाझर लागला असेल. तो कसा आहे? रोज कोणी बघते का?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "त्याचाही फोटो पाठवा लागते काय, मॅडम?"